डाव्या हातात काय आहे?

त्या इस्पितळाच्या संगणक विभागात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. ते कोणाला थांबवत होते अशातला भाग नाही. उलट कोणाच्या अध्यातमध्यात न पडण्यात त्यांची हयात गेली होती. पण मशीनला मात्र त्यांनी माणसांना थांबवायला शिकवलं होतं, आणि ज्याने शिकवलं त्याच्या नावाने खडे फोडायची पद्धत असल्याने नाव त्यांना चिकटलं.

विभाग तळमजल्यावर, धुलाईघराच्या शेजारी. एका भिंतीपलीकडे चादरी घुसळल्या जात आणि अलीकडे तिघे जण काळ्या पडद्यासमोर बसून इस्पितळाची सगळी मशीनं सांभाळत. तिघांत थांबाकाका सर्वांत जुने. दुसरा दाढी, त्याला दाढी होती, यापलीकडे त्या नावाला इतिहास नाही. आणि तिसरी नवी. ती येऊन वर्ष होत आलं होतं, तिच्यानंतर दोघं येऊन सोडूनही गेले होते, तरी नवी तीच राहिली. काही माणसांना बढती मिळत नाही, काहींना जुनेपण मिळत नाही.

नवीच्या बाबतीत हे जुनेपण मिळणं जरा निकडीचं होतं. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली होती आणि मुलगी शाळेत रुळून स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्यावर पुन्हा बाहेर पडली होती. मधल्या काळात मशीनं बदलली, भाषा बदलल्या, मुलाखत घेणारी माणसं तिच्यापेक्षा लहान झाली. इथे मिळालं ते वर्षभराच्या उमेदवारीवर. वर्ष संपताना कायम झाली तर झाली, नाहीतर नमस्कार. तिच्या सासूबाईंनी मात्र ती कायम झाल्याचं नातेवाइकांत केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. "अगं, सही राहिलीय फक्त," त्या सांगत, जणू सही म्हणजे पाकिटावरचा डिंक.

आता थांबाकाकांच्या कर्तबगारीबद्दल. मशीन सांभाळणाऱ्यालासुद्धा सगळी कामं सरसकट करता येत नाहीत. पुसून टाकणं, बंद करणं, एखाद्याला आत घेणं किंवा बाहेर काढणं अशी जोखमीची कामं करायची तर हुकुमाच्या आधी एक छोटा शब्द लिहावा लागतो. त्याचा अर्थ, हे काम मालकाच्या अधिकारात कर. मशीन मग ताबडतोब ऐकत नाही. ते तुमचा स्वतःचा पासवर्ड विचारतं, म्हणजे खुर्चीत तुम्हीच आहात ना एवढी खात्री करून घेतं. तुम्ही टाइप करता तेव्हा पडद्यावर काहीही उमटत नाही, साधं टिंबसुद्धा नाही. पहिल्या दिवशी नवीला कीबोर्ड मेला असं वाटलं होतं आणि तिने तो बदलायला नेला होता. दाढी ही गोष्ट अजून सांगत असे.

बहुतेक ठिकाणी मशीन विचारतं ते एका शब्दात: "पासवर्ड:". थांबाकाकांना हा प्रश्न अर्धवट वाटे. माणूस कोण आहे हे विचारलं, पण तो कुठे आलाय हे त्याला कोण सांगणार? पडद्यावर चार मशीनांच्या चार काळ्या खिडक्या एकासारख्या एक, आणि प्रत्येकीत तोच एक शब्द. तेव्हा त्यांनी त्या सोयीच्या पोटात शिरून प्रत्येक मशीनचा प्रश्न वेगळा लिहिला होता, आणि तोही आपल्या भाषेत. काळ्या खिडकीला आपली लिपी नीट झेपत नसे; मात्रा अक्षराशी फारकत घेऊन पलीकडे जाऊन बसत. "वाचायला त्रास होतो," दाढी म्हणे. "म्हणूनच वाचलं जातं," काका म्हणत.

स्वयंपाकघराच्या मशीनवर यायचं: "थांबा. पथ्याच्या याद्या इथे आहेत. मीठ कोणाला चालत नाही हे मशीनला माहीत आहे, तुम्हाला नाही. पासवर्ड?" शवागाराच्या मशीनवर: "थांबा. इथे कोणालाच घाई नाही. तुम्हाला का आहे?" आणि पासवर्ड चुकला तर कुठल्याही मशीनवर: "चुकलं. परत. या वेळी बोटं कुठे आहेत ते बघून."

एवढ्यावर भागलं असतं. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका चहा पिऊन खुर्चीत बसत आणि 'चुकलं' सोडून सगळी वाक्यं बदलत. नवीने एकदा विचारलं, "काका, बरी होती की आधीची. का बदलता?"

"आधीचं तुला पाठ आहे का?"

"हो. थांबा, पथ्याच्या याद्या..."

"बघ. पाठ झालं म्हणजे मेलं. माणूस पाठ असलेलं वाचत नाही, नुसतं ओळखतो."

"काका, सरळ मासिक काढा," दाढी पलीकडून म्हणाला. "वर्गणी मी भरतो. पण मला दर हुकुमाला पासवर्ड मागू नका हो. इतर ठिकाणी एकदा दिला की पाच-दहा मिनिटं परत विचारत नाहीत. माणसावर काही विश्वास?"

"तुझ्यावर आहे. पाच मिनिटांनंतरच्या तुझ्यावर नाही."

ही विद्या त्यांनी कुठे मिळवली, हे नवीला ऐकून माहीत होतं, कारण काका ते लपवत नसत. गुरू घरातच होता. काकूंचं औषधाच्या दुकानात काउंटरवर आयुष्य गेलेलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं काका घरातून निघाले की त्या विचारत, "किल्ली घेतलीत?" काका म्हणत, "हो." आणि संध्याकाळी दाराबाहेर पायरीवर बसलेले सापडत. काकूंनी भांडण केलं नाही. त्यांनी प्रश्न बदलला. एके दिवशी, "किल्ली कुठल्या खिशात आहे?" तो पाठ झाल्यावर, "किल्ली गार लागतेय की गरम?" काकांना खिशात हात घालावाच लागे. "हो म्हणायला तोंड पुरतं," काकू म्हणायच्या. "दुकानात मी कधी 'हे तुमचंच औषध ना' असं विचारत नाही. सगळे मान डोलावतात. मी विचारते, हे घरात कोण घेतं?" काकांच्या मते संगणकाच्या सुरक्षेवर याहून मोलाचं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणाला त्यांना तीनदा पाठवलं होतं, तिथे जेवण चांगलं होतं.

आता त्या दुपारची गोष्ट.

रक्तपेढीची मशीनं दोन. एक खरं, ज्यावर कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत आणि कोणती पिशवी कोणत्या रुग्णासाठी जुळवून बाजूला ठेवली आहे याच्या नोंदी. दुसरं सरावाचं, ज्यावर त्याच नोंदींची जुनी नक्कल. रक्तपेढीत नवीन लोक लागले की ते त्याच्यावर हात बसवत. सरावाचं मशीन पुसून त्यावर ताजी नक्कल चढवायची, एवढं साधं काम नवीकडे होतं. ताजी नक्कल घ्यायची म्हणून खऱ्या मशीनची खिडकीही उघडी. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"अगं, हिला शाळेतून लवकर सोडलंय. खोकतेय. ते खोकल्याचं औषध कुठे ठेवलंयस?"

"फ्रिजच्या वर, आई. डाव्या बाजूला."

"डाव्या बाजूला तुझी बिलं आहेत."

"बिलांच्या मागे."

"मागे भिंत आहे गं."

घरातली वस्तू फोनवरून शोधून देणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, पण नवी ते उजव्या हाताने दुसरं काम करत करत होती. तिने खिडकीवर टिचकी मारली, आधीच लिहून ठेवलेला पुसण्याचा हुकूम चिकटवला, एंटर दाबला. मशीनने विचारलं. तिची बोटं पासवर्ड टाइप करू लागली. त्याला डोकं लागत नाही. जिना उतरताना पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत तसं. पासवर्ड पूर्ण झाला. पडद्यावर अर्थातच काही उमटलं नाही. एंटर तेवढा राहिला.

तिची नजर ओळीवर गेली ती केवळ मात्रा कुठेतरी लांब जाऊन पडली होती म्हणून.

"थांबा. डाव्या हातात काय आहे? ते आधी खाली ठेवा. ही खरी रक्तपेढी आहे. मग पासवर्ड."

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. डाव्या हातात सासूबाई होत्या. मशीनने सांगितलं म्हणून तिने फोन निमूटपणे टेबलावर ठेवला. आतून "मिळालं गं, मिळालं, टोपलीत होतं" असं येत राहिलं. मग तिने उरलेलं वाक्य वाचलं.

पलीकडे धुलाईघराचं मशीन घुसळत होतं. तिने नुकतीच उचललेली नक्कल आदल्या रात्री निघालेली होती, त्यामुळे सगळंच गेलं नसतं. पण सकाळपासून जुळवून ठेवलेल्या पिशव्या कोणाच्या, ते त्या नकलेत नव्हतं. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया चालू होत्या. तिने दोन कळा एकदम दाबून हुकूम मोडला. खिडकी बंद केली. मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिली, कारण त्या टेबलाला हात लावायचीच तिला भीती वाटू लागली.

मोडलेल्या हुकुमाने काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. तिने त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. रात्री मुलीला औषध पाजताना बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी यायच्या आधी, तिने काकांना सांगितलं. सगळं. काका संत्रं सोलत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी अर्धं संत्रं तिच्यापुढे केलं.

"डाव्या हातात काय होतं?"

"फोन."

"अच्छा," काका म्हणाले, आणि थोडे खजील दिसले. "मी चहाच्या कपासाठी लिहिलं होतं. दाढी कीबोर्डवर सांडतो."

नवीला रडू येत होतं, त्याचं हसू झालं. काकांनी यावर एकही उपदेश केला नाही. फक्त म्हणाले, "थांबलीस ना? मग झालं," आणि संत्र्याच्या बिया कागदात गुंडाळल्या.

त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. विभागप्रमुख हा माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर वरून तपासणी येई आणि ते ती खाली पाठवत. उतारावरच्या माणसाचं नशीबच असं असतं. तपासणी अहवालात शेरा होता: "पासवर्ड विचारणारा मजकूर अनौपचारिक आहे. शवागारासंबंधीचा मजकूर विशेष अनौपचारिक आहे."

"आणि तक्रारही आहे की दर हुकुमाला विचारतं, वेळ जातो," साहेब म्हणाले. दाढीने छताकडे पाहिलं. "तेव्हा मी म्हणतो, सगळीकडे नुसतं 'पासवर्ड' ठेवू. आणि एकदा दिला की पंधरा मिनिटं परत विचारणार नाही. जगात असंच चालतं. काका, तुमचं काय म्हणणं?"

नवीने काकांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पान होतं आणि ते हुकमाचं होतं. आठवडाही झाला नव्हता. एक वाक्य बोलले असते तर तपासणी अहवालाची सुरळी झाली असती.

"मी महिनाअखेर निवृत्त होतोय, साहेब," काका म्हणाले. "वापरायचं तुम्हाला आहे. तुम्ही ठरवा."

आणि चष्मा पुसायला लागले.

साहेबांच्या समोर फायलींचा गठ्ठा होता. त्यात वरून दुसरी फाइल नवीची होती. कायम करण्याचा कागद सहीसाठी लावलेला, हे तिला सकाळीच दाढीने चोरून सांगितलं होतं. गप्प बसायला काहीही करावं लागत नव्हतं. काकांनी तिच्यासाठी ती जागा अगदी झाडून पुसून ठेवली होती. हेच तिला सहन होईना. फुकट मिळालेली गोष्ट दोनदा घ्यायला माणूस जरा कचरतोच.

"साहेब," ती म्हणाली, "परवा मी खऱ्या रक्तपेढीवर पुसण्याचा हुकूम दिला होता."

साहेबांनी अहवालावरून मान वर केली.

"दिला होता म्हणजे?"

"पासवर्डही टाइप करून झाला होता. एंटर दाबायचा राहिला. काकांचं वाक्य वाचलं म्हणून थांबले. नुसतं 'पासवर्ड' असतं तर मी वाचलं नसतं. आणि पंधरा मिनिटांची सूट असती तर त्याने विचारलंही नसतं. दहाच मिनिटं आधी मी त्याच मशीनवर पासवर्ड दिला होता, नक्कल घ्यायला."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" काका म्हणाले. चष्मा अजून पुसून व्हायचा होता.

दाढीने घसा खाकरला. "साहेब, तक्रार माझी होती. ती मागे घेतो. म्हणजे, थोडीशी. छपाईच्या मशीनवर तरी दर वेळी विचारू नका."

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं. मग त्यांनी जे केलं त्याला न्याय म्हणावं की कारकुनी, हे नवीला ठरवता आलं नाही. वाक्यं राहतील. जिथे रुग्णाच्या जिवाचा संबंध आहे त्या मशीनांवर दर वेळी विचारलं जाईल, छपाईला सूट. शवागाराचा मजकूर बदलावा. "आणि मॅडम, तुम्ही खरं सांगितलंत याची मी लेखी नोंद घेतो. आणि तुमची उमेदवारी तीन महिने वाढवतो. दोन्ही एकाच कागदावर लिहितो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको."

घरी सासूबाईंना सांगणं हा त्यातला अवघड भाग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फोन माझा होता?"

"हो, पण चूक माझी होती, आई."

"तीन महिने," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगून टाकते, साहेब परदेशी गेलेत, आले की सही." पण त्या दिवसापासून दुपारी त्यांचा फोन येईनासा झाला. औषधं, बिलं, चाव्या सगळं त्या स्वतः शोधू लागल्या, आणि न सापडलेल्या वस्तूंबद्दल नवीला संध्याकाळी एकत्रित माहिती मिळू लागली.

महिनाअखेर काकांचा शेवटचा दिवस. चहा झाला, साहेब चार वाक्यं बोलले, त्यातली दोन तपासणीबद्दल होती. काकू आल्या होत्या. ठेंगणी, नीटनेटकी बाई. नवीला पाहिल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला. "तू ती डाव्या हातवाली ना?"

"काकू, तुमच्यामुळे वाचले मी."

"माझ्यामुळे कशानं? मी तर फक्त किल्लीचं विचारायचे." मग हळूच म्हणाल्या, "आता हे दिवसभर घरी. आता मी काय विचारू?"

सगळे पांगल्यावर शेवटचं काम उरलं. निवृत्त माणसाचा अधिकार त्याच दिवशी काढून घ्यायचा, असा नियम होता, आणि तो नियम काकांनीच लिहिला होता. दाढी म्हणाला, मी नाही करणार, आणि बाहेर गेला. नवी खुर्चीत बसली. काका मागे उभे, आपला रिकामा डबा काखेत घेऊन.

ज्या मशीनवर सगळ्यांच्या अधिकारांची यादी असते तिथे तिने हुकूम दिला. मशीनने विचारलं. महिन्याचं वाक्य अर्थातच काकांनीच लिहिलेलं. पहिल्या सोमवारीच लिहून ठेवलं असणार.

"थांबा. इथून माणसं आत घेतात आणि बाहेर काढतात. ज्याला काढताय त्याचं नाव मोठ्याने वाचा. मग पासवर्ड."

तिने नाव वाचलं. त्या विभागात ते नाव कोणी उच्चारलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते एखाद्या अनोळखी माणसाचं वाटलं.

"हजर," काका मागून म्हणाले.

तिने पासवर्ड दिला. बोटं पहिल्यांदा चुकली. "चुकलं. परत. या वेळी बोटं कुठे आहेत ते बघून." तिने बघून दिला. यादीतून एक ओळ गेली.

काका आपल्या टेबलाशी गेले, उभ्या उभ्या काहीतरी टाइप केलं आणि डबा घेऊन दाराकडे निघाले. नवीच्या पडद्यावर टपाल आलं. अधिकार नसलेल्या माणसाने मालकाचा हुकूम चालवायचा प्रयत्न केला की मशीन त्याला नकार देतं आणि प्रमुख सांभाळणाऱ्याला अहवाल पाठवतं. आज सकाळपर्यंत ते अहवाल काकांना जात. दुपारी त्यांनी पत्ता बदलून नवीचा केला होता.

"आला का अहवाल?" काकांनी दारातून विचारलं.

"आला काका."

"मग बरोबर काढलंस."

बाहेर काकू त्यांना विचारत होत्या, छत्री कुठल्या हातात आहे, आणि काका थांबून दोन्ही हात बघत होते.

अहवाल ज्याला आला त्याने चौकशी करायची आणि कारण लिहूनच तो बंद करायचा, हाही काकांचाच नियम. नवीने तो परत एकदा वाचला: नाव, मशीन, वेळ, नाकारलेला हुकूम. मग खालच्या रिकाम्या चौकटीत तिने लिहिलं, "चौकशी केली. माणूस आपलाच आहे," आणि डावा हात रिकामा आहे ना ते बघून एंटर दाबला.